हमरस्ता बांधावरून गेला, आता जमिनीचे काय करायचे?



गटसभांतून अलीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आमच्यापुढे येतो. समृद्धी महामार्गाच्या किंवा धुळे-सोलापूर रस्त्याच्या आसपास ज्यांची जमीन आहे, त्यांच्या दारात गिऱ्हाईक उभे राहते, इसाराची रक्कम पुढे करते आणि आठ दिवसांत निकाल मागते. जमीन द्यावी, की रस्त्यावर आपणच काही धंदा काढावा? या अंकातला पाठ त्यासाठी आहे.

आपला मुलूख रस्त्यावरच्या व्यापाराला नवा नाही. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-ग्रंथात भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. पैठणचा माल घाट उतरून भडोचला आणि तिथून समुद्रापार जाई. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबाचा खर्च पैठणच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या घराण्यातील माणसाने दिला, तसा लेख तिथे कोरलेला आहे. पुढे मोगलांच्या अमलात बऱ्हाणपूरहून औरंगाबादेस येणाऱ्या वाटेवर, अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूरला मोठी सराई झाली. ती नेमकी तिथेच का? घाट चढण्याआधी जनावराला विसावा, दाणावैरण आणि पाणी लागते, म्हणून. कुणाची जमीन स्वस्त होती म्हणून तिथे सराई झाली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आजचा रस्ता. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आपल्या जिल्ह्यात तो छत्रपती संभाजीनगर, गंगापूर आणि वैजापूर या तालुक्यांतून जातो. सावंगी, माळीवाडा, जांबरगाव अशा ठिकाणी त्याला चढ-उतार आहेत. तिकडे जालन्याजवळ न्हावाशेवा बंदराच्या ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. कंटेनरची जकातीची कागदपत्रे आतल्या आतच पुरी करून माल सरळ जहाजावर धाडायचा, ही त्यामागची कल्पना. उत्तरेला धुळ्यात तर आशियाई महामार्ग जाळ्यातले ४६ आणि ४७ क्रमांकाचे दोन मार्ग एकमेकांना भेटतात. म्हणजे आपल्या शिवारातून जाणारा ट्रक केवळ नाशिकचा भाजीपाला वाहतो असे समजू नका.

रस्ता झाला, पण ड्रायव्हरची सोय मागे राहिली. समृद्धी सुरू झाला तेव्हा लांबच लांब सरळ सिमेंट होते. चहा, संडास, पंक्चर काढणारा, डुलकी काढायला जागा यांची मात्र वानवा. सरळ रस्त्यावर एकसारखा वेग धरला की डोळा लागतो, हे कोणताही जुना ड्रायव्हर सांगेल. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री जांबरगाव टोलनाक्याजवळ टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळून १२ माणसे गेली. त्या अपघाताची कारणे काहीही असोत, जड वाहनाला रस्त्यावरून बाजूला होऊन उभे राहण्याची जागा असणे हा जिवाचा प्रश्न आहे, हे त्यातून समजावे.

मग ढाबा टाकावा काय? थांबा जरा. समृद्धी हा बंदिस्त रस्ता आहे. तुमचे शेत कुंपणाला लागून असले तरी गाडी तुमच्या शेतात वळू शकत नाही. ती वळेल फक्त चढ-उताराच्या जागी, किंवा महामंडळाने ठरवून दिलेल्या सोयीच्या जागी. आमच्या मते सर्वांत जास्त फसगत इथेच होते. 'रोड टच' म्हणून भाव सांगितला जातो, आणि प्रत्यक्षात रस्त्याचा स्पर्श फक्त डोळ्यांना होतो! राष्ट्रीय महामार्गाचे निराळे. तिथे शेत रस्त्याला लागते खरे, पण २००२ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय जोडरस्ता घेता येत नाही. शिवाय रस्त्याच्या मध्यापासून ठरलेले अंतर सोडूनच बांधकाम करावे लागते आणि जमीन बिनशेती करावी लागते ती वेगळीच. ही तिन्ही कागदे पाहिल्याशिवाय पैसा घालणे म्हणजे पाण्याची पाळी कुणाची हे न विचारता ऊस लावणे.

जागा पाहताना फर्दापूरची सराई आठवा. वाहन कुठे थकते, कुठे गरम होते, कुठे चढाआधी थांबते? शिवाय वाहतूक डावीकडून चालते, तेव्हा मुंबईकडे जाणारा ट्रक पलीकडच्या बाजूच्या हॉटेलात येत नाही. दोन दिवस आणि दोन रात्री रस्त्यावर बसून गाड्या मोजा. हा खर्च फक्त चहाचा आहे. आणि वाहतूक वळू शकते हेही धरून चाला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी आली आणि ट्रक दुसऱ्या वाटांनी गेले. घाटाच्या तोंडाशी कर्ज काढून टायरचे दुकान टाकणाऱ्याने हा धोका आधीच हिशेबात धरायला हवा.

या धंद्यात मोठे भांडवलदार उतरणार आहेतच. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये २२ राज्यांत ६०० हून अधिक ठिकाणी, दर ३० ते ५० किलोमीटरवर, अशा सोयी उभारण्याचे जाहीर केले. एकट्या शेतकऱ्याचा तिथे टिकाव लागणे कठीण. पण जपानकडे पाहा. तिथे १९९३ मध्ये १०३ 'मिचि-नो-एकी', म्हणजे रस्त्यावरची स्थानके, नोंदवली गेली. आज ती बाराशेच्या वर आहेत. वाहनतळ आणि संडास चोवीस तास फुकट, आणि शेजारी आसपासच्या शेतकऱ्यांच्या मालाचे दुकान. शेतकरी सकाळी आपला माल आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवतो, स्थानक थोडे कमिशन कापून बाकी पैसे त्याला देते. आम्हाला यातले फुकट संडासाचे गणित फार आवडले. स्वच्छ संडास असला की बायामाणसे असलेली गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी काहीतरी घेऊनच जाते. आपल्याकडे बरोबर उलटे: आधी हॉटेलची पाटी, आणि संडास मागे, कुलपात.

दहा उत्पादक एकत्र आले तर उत्पादक कंपनी नोंदवता येते. सहकारी संस्थेचा मार्ग तर आपल्याला पाठच आहे. जमीन विकण्याऐवजी अशा संस्थेला मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली, तर सातबाऱ्यावर नाव राहते आणि दरसाल भाडे येते. पट्ट्यात भाडेवाढ किती वर्षांनी, मुदत संपल्यावर बांधकाम कुणाचे, आणि जमिनीवर कर्ज काढण्याचा हक्क कुणाला, हे तीन मुद्दे वकिलाकडून लिहून घ्यावेत. तिसरा तर विशेष. रसवंती, गूळ, मोसंबी, हुरडा यांना भांडवल थोडे लागते. पेट्रोल पंपाला तेल कंपनीची जाहिरात निघावी लागते, तोवर त्या आशेवर जमीन अडकवू नये.

ज्यांच्याकडे इसार घेऊन कोणी आले असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी सातबारा, गटाचा नकाशा आणि जोडरस्त्याबाबतचा कागद घेऊन गट कार्यालयात यावे. आणि हंगाम तोंडावर आहे: ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावल्याशिवाय रात्री ऊस घेऊन रस्त्यावर येऊ नये.