आधी इंजिन, मग पाय

‘इंजिन चालू ठेवून ट्रॅक्टरवरून उतरायचं असेल तर काय काळजी घ्यावी?’ असा प्रश्न या सदरासाठी आला आहे. माझं उत्तर एका ओळीचं आहे: उतरू नका. इंजिन बंद करा, मग पाय खाली ठेवा.

पण एवढ्यावर सदर संपवलं तर तुम्ही हसाल, आणि ते बरोबरच असेल. मळणी यंत्र पीटीओवर चालतं तेव्हा चालकाने दिवसभर सीटवर बसून काय करायचं? कडबाकुट्टीचं तेच, द्राक्षबागेत ब्लोअरची टाकी भरतानाही तेच. इंजिन चालू आणि माणूस खाली, अशी कामं शेतात असतातच. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. मात्र हाडांचा डॉक्टर म्हणून माझ्याकडे जी माणसं येतात, त्यांतली पुष्कळ असल्या कामासाठी उतरलेली नसतात. कुणी बांधावर फोन घ्यायला उतरलेलं असतं, कुणी लघवीला, कुणी रोटरमध्ये अडकलेलं काहीतरी ओढून काढायला, तर कुणी साखर कारखान्याच्या काट्यावर रांग हलत नाही म्हणून चहाला. ‘दोन मिनिटांचं तर काम होतं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की केसपेपरवर तसा शिक्काच करून घ्यावा.

आधी साध्या दुखापतींचं बघू. तीन-चार तास नांगरट केली की कंबर आणि पाय नेहमीसारखे राहत नाहीत. सीटचे हादरे मणक्यांतून जात असतात, मांडीचे स्नायू आखडलेले असतात, क्लचवरचा डावा पाय बधिरलेला असतो. अशा अवस्थेत माणूस एकदम उठतो आणि उडी मारतो. खाली असतात ढेकळं. घोटा मुरगळला तर स्वस्तात सुटलात. टाचेचं हाड फुटलं तर तीन महिने गेले, आणि वयाची पन्नाशी उलटलेल्या माणसाचा कमरेचा मणका अशा उडीने चेपल्याचे एक्स-रे आम्ही बघतो.

म्हणून ट्रॅक्टर थांबल्यावर अर्धा मिनिट बसून राहा. पावलं वरखाली हलवा, पाठ ताणा. मग विहिरीत लोखंडी शिडीवरून उतरताना करता तसं ट्रॅक्टरकडे तोंड करून उतरा. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, अशा तीन जागा कायम टेकलेल्या हव्यात. हाताने मडगार्डचं हँडल धरा. स्टेअरिंगला लटकू नका, ते फिरतं. उतरायचं शक्यतो डावीकडून, कारण बहुतेक ट्रॅक्टरना उजवीकडे ब्रेकची पेडलं आणि हायड्रॉलिकचे लिव्हर दाटीने असतात. गिअरची दांडी पायांच्या मधोमध असेल तर पँटीचा किंवा धोतराचा सोगा तिच्यात अडकतो. इंजिन बंद असेल तर तुम्ही फार तर पडता. इंजिन चालू असेल तर त्याच हिसक्याने गिअर पडू शकतो.

काही लोकांनी जास्त जपायला हवं. मधुमेह जुना झाला की पावलांची जाणीव कमी होते. पाय पेडलवर आहे की पेडलच्या कडेला, हे बघितल्याशिवाय कळत नाही. अनवाणी तळवा गरम गिअरबॉक्सला टेकून भाजतो आणि घरी गेल्यावर फोड दिसतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याला एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन तर ट्रॅक्टरवर बसूच नये.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही तो आजार प्रोस्टेटचा. साठीतल्या माणसाला तासाभरात दोनदा लघवीला उतरावं लागतं. दर वेळी इंजिन कोण बंद करणार, म्हणून ते चालूच राहतं. घाई झालेली असते, त्यामुळे हँडब्रेकही राहतो. त्यातून टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर उभं राहिल्यावर चक्कर येण्याचा धोका वेगळा, कारण ती गोळी लघवीचा मार्ग सैल करते तशी रक्तदाबही उतरवू शकते. काका, वारंवार लघवी लागते हे डॉक्टरला सांगण्यात लाज कसली? गोळी रात्री झोपताना घ्यायची की आणखी केव्हा, हे त्यांना विचारून घ्या. ट्रॅक्टरवर बसायच्या आधी लघवीला जाऊन या. आणि ट्रॅक्टर चालवणार असाल त्या दिवशी पाणी कमी पिऊन उपाय करू नका. उन्हात त्याने चक्कर आणखी लवकर येईल.

आता आपोआप चालू पडणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल. 45-50 एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांच्या आसपास भरतो. इंजिनच्या हादऱ्याने नीट न बसलेला हँडब्रेकचा खटका सुटतो आणि ट्रॅक्टर उताराला लागतो. आपल्याकडे शेतात वळण घ्यायला डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतात, त्यासाठी दोन पेडलांची जोडपट्टी काढलेली असते. ती पुन्हा लावायची राहिली की हँडब्रेक ओढूनही एकच चाक धरलं जातं. ट्रॅक्टर पुढे निघालेला पाहून माणूस काय करतो? मागे धावतो आणि चढायला बघतो. मागच्या चाकाखाली येण्याचा हा अगदी खात्रीचा मार्ग आहे. ट्रॅक्टर जाऊ द्या. बांध फुटेल, विहिरीत गेला तर क्रेनने काढता येईल.

यापुढचा सल्ला हाडांच्या डॉक्टरने द्यावा असा वाटणार नाही, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: बॅटरी बदला.

लोक इंजिन चालू का ठेवतात, हे मी दवाखान्यात विचारत असतो. आळस हे उत्तर क्वचित मिळतं. ‘सेल्फ मारत नाही, एकदा बंद केला तर पुन्हा चालू होईल का, भरवसा नाही’ हे नेहमीचं. बॅटरी उतरलेली असते, म्हणून ट्रॅक्टर दिवसभर चालू. संध्याकाळी तो मुद्दाम उतारावर लावायचा, म्हणजे सकाळी सोडून देऊन चालू करता येईल. चाकाला एक दगड. काही जुन्या ट्रॅक्टरवर तर इंजिन बंद करायची वायरच तुटलेली असते, आणि बंद करण्यासाठी खाली उतरून बोनेटजवळ पंपाचा खटका हाताने ओढावा लागतो. म्हणजे तिथे इंजिन बंद करायचं तरी चालू इंजिनवरून उतरणं आलंच.

याच बॅटरीपायी दुसरा प्रकार घडतो, तो याहून वाईट. चावीने लागत नाही म्हणून खाली उभं राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा. ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात त्याला. गिअर न्यूट्रलला किंवा क्लच दाबलेला असल्याशिवाय इंजिन लागू नये, अशी सोय बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये कंपनीने केलेली असते. डायरेक्ट केल्यावर ती सोय बाजूला पडते. पाना टेकवणारा माणूस कुठे उभा असतो ते डोळ्यांसमोर आणा: बरोबर मागच्या चाकाच्या पुढे, वाकलेला, एक हात इंजिनपाशी. आदल्या रात्री उतारावर लावताना कुणीतरी ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवलेला असतो, आणि बंद ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्ये ठेवणं ही पद्धत बरोबरच आहे. पण सकाळी पाना घेऊन येणारा भाऊ दुसरा असतो. ठिणगी पडते, इंजिन लागतं, चाक फिरतं. ताशी 3 किलोमीटर हा वेग चालणाऱ्या माणसापेक्षा कमी, तरी त्यात सेकंदाला 80 सेंटिमीटर अंतर कापलं जातं. चाक माणसापासून फूटभर लांब असतं. हिशोब तुम्हीच करा.

नवी बॅटरी काही हजारांत येते. त्याआधी टोकांवर साचलेली पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन, अर्थची वायर घट्ट करून बघा. कधी कधी दुखणं तेवढंच असतं, असं माझ्या ओळखीचा मेकॅनिक सांगतो. तुटलेली स्टॉपची वायर याच हप्त्यात बसवून घ्या. औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय असती तर मी हे लिहून दिलं असतं.

आता पीटीओ. तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. शाफ्टची जाडी सात-आठ सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात पाव मीटर कापड गुंडाळलं जातं आणि सेकंदाला दोन मीटरहून जास्त. ओढणी साधारण अडीच मीटरची असते. ‘हात काढून घेऊ’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर पहिल्या हंगामातच फुटतं आणि कुणी नवं आणत नाही. जॉइंटला पिनेऐवजी खिळा ठोकलेला असतो, आणि नेमकं त्या खिळ्याचं टोक सदऱ्याची बाही पकडतं. ओढला गेलेला हात आमच्याकडे येतो तेव्हा तो नुसता मोडलेला नसतो. कातडी मोज्यासारखी सोललेली असते, शिरा ताणून तुटलेल्या असतात. सुरीने कापलेला हात जोडणं त्यामानाने सोपं.

रानडुकरांसाठी कुंपणाला जुन्या साड्या बांधायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. त्यातली एखादी वाऱ्याने रानात येते, किंवा ठिबकची नळी उचलायची राहते, आणि रोटरच्या पात्यांभोवती गच्च गुंडाळली जाते. ती काढताना रोटर जमिनीवर टेकवा, पीटीओचा लिव्हर काढा, इंजिन बंद करा, पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी बघा. मगच विळा हातात घ्या. रोटर वर उचलून धरून त्याखाली हात घालू नका. हायड्रॉलिकचा लिव्हर कुणाच्या गुडघ्याचा धक्का लागूनही खाली येतो. आणखी एक: जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पीटीओही थांबतो. डबल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच अर्धा दाबला तर चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो. भावकीतला ट्रॅक्टर मागून आणला असेल तर हे आधी विचारून घ्या.

इंजिन चालू ठेवून उतरावंच लागतं त्या कामांत, म्हणजे मळणी, कडबाकुट्टी, पंप, ब्लोअर, ट्रॅक्टर सपाट जागी असू द्या. गिअर न्यूट्रल, हाय-लोची दांडीही न्यूट्रल, दोन्ही ब्रेक जोडून हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून दगड. आधी उतरा, माणसं बाजूला करा आणि सगळी तयारी झाल्यावर पुन्हा सीटवर बसून पीटीओ जोडा. जमिनीवर उभं राहून लिव्हर ओढू नका. फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जाऊ नका, मग तो गुडघ्याएवढा का असेना. पुढून वळसा घाला. मळणीवर काम करणाऱ्या बायकांनी पदर खोचलेला, वेणीचा अंबाडा बांधलेला, बांगड्या मागे सारलेल्या हव्यात, आणि पुरुषांनी उपरणं, मफलर काढून ठेवायचं. मळणी यंत्रांत इतके हात गेले की ती यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून 1983 साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. कायद्याने हात वाचत नाही. यंत्राच्या तोंडावर झाकण आहे का ते तुम्हीच बघा. आणि एक धडधाकट माणूस इंजिन बंद करता येईल अशा जागी उभा ठेवा. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरजवळ आवाज 90 डेसिबलच्या आसपास असतो, तिथे ‘थांब’ ऐकू जात नाही. हात वर करून मूठ दाखवली की बंद, अशी खूण आधीच ठरवून घ्या.

ट्रॉली जोडताना चालक ट्रॅक्टर मागे घेत असेल तर मध्ये कुणी उभं राहायचं नाही. पिन थांबल्यावर लागते. आणि ट्रॅक्टर चालू ठेवून उतरलात की लहान मूल वर चढतंच.

इतकं करूनही घडलंच, तर पहिलं काम इंजिन बंद करणं. अडकलेला हात सोडवायला यंत्र उलटं फिरवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोराने दाबून धरा, दर मिनिटाला उघडून बघू नका. हातापायाचं रक्त तरीही थांबेना तर जखमेच्या चार बोटं वर रुंद पट्टा आवळा आणि किती वाजता आवळला ते लिहून ठेवा. सुतळी किंवा तार वापरू नका. हळद, तंबाखू, चुना, डिझेल यांतलं काहीही जखमेत घालू नका. ते धुऊन काढण्यात आमचा वेळ जातो. तुटलेलं बोट फेकू नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते निकामी होतं. अख्खा हात तुटला असेल तर पाच-सहा तासांच्या आत तो जोडता येईल अशा ठिकाणी पोचायला हवं, म्हणून 108 ला फोन करतानाच हात तुटल्याचं सांगा.

कमरेवरून किंवा मांडीवरून चाक गेलेला माणूस बाहेरून ठीक दिसू शकतो. रक्त दिसत नाही, कारण ते आत साठत असतं. त्याला ‘उठून बघ, चालता येतंय का’ म्हणू नका आणि मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तर मुळीच आणू नका. मांडीच्या वरच्या बाजूला जिथे हाड हाताला लागतं, त्या उंचीवर चादर गुंडाळून घट्ट बांधा, दोन्ही गुडघे एकत्र बांधा आणि फळीवर किंवा दारावर आडवं ठेवून हलवा. पाणी, चहा काही देऊ नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. पाय बराच वेळ चाकाखाली दबून राहिला असेल तर किती वेळ ते डॉक्टरला आवर्जून सांगा. चेपलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे पदार्थ मूत्रपिंड बंद पाडतात, आणि सलाइन लवकर सुरू झालं तर ते वाचू शकतं. दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी काळपट झाली तर सकाळची वाट बघू नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल, तर लहान जखमेलाही त्याच दिवशी दवाखान्यात या.