उघाडीची झडप

पनवेलच्या खाडीकाठाने बांध घालून आपल्या पूर्वजांनी भाताची खाचरे मिळविली. या बांधात पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी ठेवलेली वाट म्हणजे उघाडी. तिच्या खाडीकडील तोंडावर, वरच्या कडेला बिजागरी असलेली झडप असते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. भरतीला खाडीचे पाणी तिला दाबून बंद करते.

झडप स्वतःच्या वजनाने किती जोराने मिटेल? वजनाला बिजागरीपासून गुरुत्वमध्यापर्यंतच्या आडव्या अंतराने गुणले की उत्तर मिळते. एक मीटर लांब-रुंद झडपेचे पाण्यातील वजन 60 किलो धरू. ती सरळ लोंबती असेल, तर हे अंतर शून्य, म्हणून मिटण्याचा जोरही शून्य. चौकटीची खालची कड खाडीकडे काढून तिला 10 अंशांचा कल दिला, तर अंतर सुमारे 9 सेंटिमीटर. 30 अंशांना 25. आणि विहिरीच्या पंपातील झडपेसारखी ती आडवी निजविली, तर पूर्ण 50.

आता उघडण्याचा हिशोब पाहू. झडप दोन्ही बाजूंनी पाण्यात बुडाली असता आतले पाणी 1 सेंटिमीटर उंच झाले, की तिच्या मध्यावर 10 किलोचा दाब येतो. म्हणजे 10 अंशांची झडप सुमारे 1 सेंटिमीटर फरकाने उघडते. 30 अंशांच्या झडपेला 3 सेंटिमीटर लागतात. सपाट खाचरात तेवढे पाणी दूरवर तुंबते. उलट, सरळ झडपेत काडीकचरा अडकला, तर ती नीट मिटत नाही आणि उधाणाचे खारे पाणी शेतात शिरते.

जड झडपेला उपाय प्रतिभाराचा. बिजागरीपलीकडे झडपेच्याच रेषेत दांडा काढून वजन लावले, तर प्रत्येक कलात जोर सारख्याच प्रमाणात घटतो. मात्र सरळ झडपेला प्रतिभार जोर देऊ शकत नाही. तो कलानेच मिळतो. लाकडी झडपेचे तर वेगळेच! ती पाण्यात तरंगू पाहते, म्हणून तिला लोखंडाचा भार हवा.

अर्थात भरतीच्या वेळी कोसळलेला पाऊस उत्तम झडपही बाहेर काढू शकत नाही. म्हणूनच नवी मुंबईत सिडकोने खाडीकाठी धारण तलाव ठेवले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’ अशा भाताच्या जाती दिल्या. पण त्या रोपांचीही पहिली राखण उघाडीची झडपच करते. पुढच्या ओहोटीला बांधावर जाऊन तिचा कल जरूर पाहावा.