वेडेवाकडे दात : लग्न ठरताना नव्हे, सातव्या वर्षी बघा

वस्तीत आरोग्य शिबिर असले की ताप, खोकला, बीपी तपासून झाल्यावर शेवटी एखादी आई मुलीला पुढे करते आणि हळूच विचारते, "सिस्टर, हिचे दात पुढे आलेत. तार लावली तर बसतील का? किती खर्च येईल?" मुलगी बहुतेक वेळा अठरा-एकोणीस वर्षांची असते, तोंडावर ओढणी धरून उभी असते आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

अठराव्या वर्षी दात सरळ होतात, हे आधीच सांगून टाकतो. हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर तिशी-चाळिशीतही होतात. पण हाच प्रश्न दहा-बारा वर्षे आधी विचारला असता, तर यातले बरेचसे काम कमी पैशात आणि कमी त्रासात झाले असते. काही मुलांना तर तारेची गरजच पडली नसती. म्हणून तारेबद्दल बोलण्याआधी लहान मुलांच्या तोंडाबद्दल बोलू.

"दुधाचेच आहेत, पडणारच आहेत"

दुधाचे दात वीस असतात. ते पडणार हे खरे, पण पडेपर्यंत त्यांना एक मोठे काम असते. एसटीत गर्दी असली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. दुधाची दाढ म्हणजे तो रुमाल. तिच्या खाली हाडात पक्का दात तयार होत असतो आणि तो दहाव्या-अकराव्या वर्षाच्या सुमारास वर येणार असतो. दुधाची दाढ किडली, दुखू लागली आणि सातव्या वर्षीच उपटून टाकली, तर मागची दाढ पुढे सरकून ती जागा घेते. मग ज्याची जागा होती तो दात येतो तेव्हा त्याला बसायला जागा नसते. तो गालाकडे नाहीतर जिभेकडे फुटतो, किंवा आतच अडकून राहतो.

म्हणून दुधाची दाढ किडली तरी शक्यतो भरून घ्यावी. काढावीच लागली तर डॉक्टरांना विचारावे, "जागा राखायला काही बसवता का?" तारेची एक छोटी कडी असते, ती मोकळी झालेली जागा धरून ठेवते. एवढा एक प्रश्न विचारल्याने पुढचा मोठा खर्च वाचू शकतो.

आता एक गोष्ट आज घरी गेल्यावर बघा. सहाव्या वर्षाच्या आसपास, सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, एक नवी मोठी दाढ येते. वर दोन, खाली दोन. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे घरात कळत नाही, आणि कळले तरी सगळे तिला दुधाचीच समजतात. ती दुधाची नाही. ती जन्मभराची आहे आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसणार हे बरेचसे तिच्यावर ठरते. शाळेत तपासणीला गेलो की आम्हाला किडलेली दिसते ती नेमकी हीच. वर आल्यावर तिच्या खोल खाचा वेळेवर बुजवून घेतल्या तर तिला कीड लागण्याचे प्रमाण खूप कमी होते.

काय बघायचे, कशाला घाबरायचे नाही

सात-आठ वर्षांच्या मुलाला उजेडात बसवा, दात एकमेकांवर मिटायला सांगा आणि ओठ बाजूला करून बघा. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर असायला हवेत. वरचा एखादा दात खालच्या दाताच्या आत अडकत असेल, तर थांबू नका. या वयात ते साध्या उपायाने लवकर सुधारते. तसेच राहू दिले तर जबडा वाकड्या दिशेने मिटायची सवय लागते आणि खालच्या दाताची हिरडी खाली उतरते. खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील, मागच्या दाढा मिटूनही पुढे फट राहत असेल, किंवा वरचे दात इतके पुढे असतील की ओठ मिटत नाहीत, तर तेही दाखवून घ्या. पुढे आलेले दात खेळताना पडल्यावर आधी फुटतात. कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या आयांना हे वेगळे सांगायला नको.

उलट, सात ते अकरा या वयात वरच्या दोन दातांमध्ये फट दिसते, दात बाहेरच्या बाजूला कलल्यासारखे वाटतात, तेव्हा घाबरू नका. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की ही फट बहुतेक मुलांत आपोआप मिटते.

अंगठा चोखण्याची सवय तीन-चार वर्षांपर्यंत असली तर बिघडत नाही. पक्के दात यायला लागल्यावरही राहिली, तर वरचे दात पुढे ढकलले जातात. कडुलिंब लावून, चटका देऊन सवय सुटत नाही, मूल फक्त लपून चोखते. रागावण्याऐवजी हात गुंतवून ठेवा, आणि तरीही सुटत नसेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. तोंड उघडे टाकून झोपणारे, घोरणारे मूल असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागची गाठ किंवा टॉन्सिल वाढले असतील तर मूल तोंडाने श्वास घेते आणि त्याने जबड्याची वाढही बदलू शकते. ते कारण दूर न करता नुसती तार लावून उपयोग नाही.

बाळाला वरचे दात आधी आले की मामाला वाईट, असे अजूनही आपल्याच घरांतून ऐकू येते. दात कोणत्या क्रमाने येतात याचा मामाशी काही संबंध नाही. मामाने भाच्याला शाळेच्या वयात एकदा डॉक्टरकडे न्यावे, तेवढे पुरे.

घाईचे उपाय

आता मोठ्या मुलींकडे येतो, कारण खरे नुकसान इथे होते. "पाहुणे पंधरा दिवसांनी येणार आहेत, तेवढ्यात काही होईल का?" असे विचारले की बाजारातला पदवी नसलेला दातवाला लगेच "हो" म्हणतो. तो पुढचे चांगले, जिवंत दात कानशीने घासून बारीक करतो आणि वर एकसारख्या कॅपा बसवतो. आठवड्यात फोटोत दात सरळ दिसतात. आम्ही अशी एक मुलगी पाहिली. वर्षभरात कॅपांच्या खाली पू झाला, तोंडाला वास येऊ लागला आणि चोविसाव्या वर्षी वरचे चार दात काढावे लागले. दात घासला की घासला, तो परत उगवत नाही. शिवाय अशा ठिकाणी हत्यारे नीट निर्जंतुक केलेली नसतील तर कावीळ बी आणि सी यांची लागण होऊ शकते.

दुसरा उपाय मुले मोबाईलवर बघून स्वतःच करतात : दातांमधली फट मिटवायला साधे रबर अडकवायचे. दात मुळाकडे निमुळता होत जातो, म्हणून रबर घसरत हिरडीच्या आत शिरते आणि दिसेनासे होते. मग ते आतल्या आत हाड खात वर जाते आणि चांगले दात हलून निघून येतात. घरातल्या पोरांना हे आजच सांगा.

आणि पाहायला आलेले लोक दोन दात पुढे आहेत म्हणून नको म्हणत असतील, तर त्यांच्यासाठी मुलीचे निरोगी दात कापू नयेत, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो. थोडे वेडेवाकडे दात हा आजार नाही. चावता येते, स्वच्छ करता येतात, हिरडीला लागत नाहीत, आणि मुलीला स्वतःला काही वाटत नाही, तर ते तसेच राहू द्यायला हरकत नाही. पण तिला स्वतःला मोकळे हसायचे असेल तर तीही गरजच आहे. तिला चैन म्हणू नका.

तार काय करते

दात हाडात सिमेंटसारखा पक्का बसवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे आवरण असते. तारेने हलका पण सततचा दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड झिजते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. असा दात हाडातून हळूहळू चालतो, साधारण महिन्याला एक मिलिमीटर. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात. कोणी "तीन महिन्यांत सरळ" म्हणत असेल तर तिथून उठा. जोर लावून घाई केली तर दातांची मुळे आखूड होतात.

आधी सगळ्या दातांचा एक्स-रे आणि दातांचा साचा घेतात. जागा फारच कमी असेल तर कधी कधी दोन किंवा चार उपदाढा काढाव्या लागतात. हे ऐकून बरेच जण पळतात. विचारून घ्या, कारण समजून घ्या, पण योग्य तपासणीनंतर सांगितले असेल तर घाबरू नका. दर महिना-दीड महिन्याला जावे लागते. तार घट्ट केल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात. तेव्हा मऊ भात, वरण, खिचडी, कालवणात कुस्करलेली भाकरी द्या. चिक्की, ऊस, फुटाणे आणि नळीचे हाडूक तार निघेपर्यंत बंद.

तारेत अन्न अडकते. जेवणानंतर चूळ आणि दोन वेळा फ्लोराइड असलेल्या पेस्टने, मऊ ब्रशने, तारेच्या वरून आणि खालून घासायलाच हवे. नाहीतर तार निघते तेव्हा दात सरळ दिसतात, पण त्यावर पांढरे डाग राहतात आणि कीड सुरू झालेली असते. मिश्री, तंबाखू, गुटखा चालू असेल तर आधी तो सोडा. खराब हिरडीवर तार लावत नाहीत.

कुठे जायचे

दात सरळ करण्याच्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएसनंतर तीन वर्षांची एमडीएस पदवी असते, आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी असते. दोन्ही विचारायला लाजू नका. खासगीत हा खर्च सहज तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातो. सरकारी दंत महाविद्यालयांत तो त्या मानाने बराच कमी असतो : मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालये आहेत, तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे नंबर लागायला वेळ लागतो. म्हणून नाव लवकर नोंदवा आणि केसपेपर सांभाळा.

लहान मुलांसाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते, दात बघते आणि पुढे पाठवते. दुभंगलेला ओठ किंवा टाळूही यात येतो. पथक कधी येणार हे बाईंना विचारून ठेवा.

रोजंदारीच्या घरात दर महिन्याचा एक खाडा हा खरा खर्च आहे. तो हिशेबात धरूनच सुरुवात करा. तार तोंडात ठेवून मध्येच सोडून दिलेले उपचार न केलेल्या उपचारांपेक्षा वाईट. गावी किंवा कामाला बाहेर जायचे ठरले तर आधी डॉक्टरांना सांगा, ते चिठ्ठी देतील नाहीतर तार काढून देतील.

तार निघाल्यावर एक पट्टी किंवा आतून बारीक तार देतात. ती सांगितली तितका काळ, कधी कित्येक वर्षे, वापरायची असते, कारण दात जुन्या जागी परतायला बघतात. पट्टी गरम पाण्याने धुऊ नका, वाकडी होते. जेवताना काढली की डबीत ठेवा. कागदात गुंडाळलेल्या पट्ट्या ताटाबरोबर कचऱ्यात जातात, आणि नवी करायला पुन्हा पैसे पडतात.