आपणही कुणाच्या तरी वरच

बाहेरचा माणूस जांब समर्थला येतो तो रामदासस्वामींचं जन्मस्थान बघायला. आमच्या पारावर मात्र पावसाळा सरत आला की एकच विषय : जायकवाडी धरण किती टक्के? पाण्याच्या बैठकांना बसून आणि चारीवर फिरून जे कळलं, ते मांडतो.

१. 'हक्काचं पाणी' म्हणायचं तर हातात आकडा हवा. समन्यायी वाटपाचं कलम २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातच होतं, पण तेवढ्यानं जायकवाडीच्या वरचं, नगर-नाशिकचं एकही धरण उघडलं नाही. मेंढेगिरी समितीनं धरणवार हिशेब मांडला, त्यावर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं सप्टेंबर २०१४मध्ये आदेश दिला : खरिपाचा वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचं. २०१६मध्ये उच्च न्यायालयातही समन्यायी वाटपच टिकलं. भांडण मिटलं नाही. पण आता भांडायला तारीख आहे, टक्का आहे.

२. सुटलं तेवढं पोचत नाही. नदीचं कोरडं पात्र आधी आपली तहान भागवतं, मग काठच्या मोटारी. म्हणून पाणी सोडताना काठाची वीज बंद ठेवावी लागते, बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात.

३. नगरवाल्यांना आपण जे सुनावतो, तेच आपले खालचे आपल्याला सुनावतात. जायकवाडीचा पैठण डावा कालवा २०८ किलोमीटरचा, आमच्या घनसावंगी तालुक्यातून पुढं परभणीकडं जातो. पाळी सुटली की भरावावर रातोरात पाइप उतरतात. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा पोरगा बॅटरी घेऊन चारीच्या कडेनं वर येतो, एकेक गेट बघत. "काका, हे कुणी उचललं?" कुणीच उचललेलं नसतं! बरं, त्याचंही खोटं नाही आणि काकांचंही नाही. काकांची मोसंबी आहे. एक उन्हाळा चुकला की कैक वर्षांची बाग सरपणाला जाते, हे २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यानं पाहिलंय. माझं मत विचाराल तर पाणी टेलकडून वर द्यावं आणि चारीच्या तोंडाशी मोजून पाणी वापर संस्थेच्या ताब्यात द्यावं. पाटकऱ्याच्या एकट्याच्या जिवावर हे होत नाही.

४. उसाबद्दल फार बोलत नाही. गावात राहायचंय.

५. कालव्याचं पाणी निदान दिसतं. जमिनीखालचं कुणाचं? २००९च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई आहे. शेततळं पावसाचं पाणी धरायला. पण विहीर-बोअर उपसून प्लास्टिकच्या कागदावर ते भरलं, की साऱ्या शिवाराचं पाणी एकाच्या नावावर चढतं, वर उन्हानं उडतं ते वेगळंच. बोअरची गाडी गावात शिरली की परवानगीचा कागद कुणी मागत नाही. सगळे एवढंच विचारतात, "किती फुटाला लागलं?"