सामुद्र लवणाची निवड आणि जड धातूंचा प्रश्न

गेल्या हिवाळ्यात कडाव येथील चिकित्सालयात पाचव्या महिन्यातील एक गर्भिणी सासूबाईंसह तपासणीसाठी आली. तपासणी आटोपल्यावर सासूबाईंनी पिशवीतून खड्या मिठाची पुडी काढून टेबलावर ठेवली. पेणच्या नातेवाइकांकडून त्यांच्याकडे वर्षाचे मीठ येते, आणि "पाकिटातल्या मिठात केमिकल असतं" म्हणून त्यांनी ते घरातून बंद केले होते. सुनेने मात्र खाडीच्या मिठात शिसे आणि पारा असतो असे कुठेतरी वाचले होते. "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा, यातलं कोणतं घालायचं?" असा दोघींचा एकच प्रश्न होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका औषधनिर्मात्या स्नेह्याने लवणभास्कर चूर्णासाठी सामुद्र लवण कोठून घ्यावे, अशी विचारणा केली. दोन्ही प्रश्न वरवर एक भासतात. विचार करता त्यांची उत्तरे भिन्न आहेत असे आढळले, म्हणून हा लेखनप्रपंच.

शास्त्रदृष्टी

सुश्रुताचार्यांनी सामुद्र लवण मधुर विपाकाचे, फारसे उष्ण नसलेले, अविदाही, भेदन, किंचित स्निग्ध व शूलघ्न सांगितले आहे. चरकाचार्यांनी सर्व लवणांत सैंधव श्रेष्ठ व ऊषर भूमीतील लवण निकृष्ट मानले, आणि नित्य सेवनीय आहारद्रव्यांतही सैंधवाचीच गणना केली. येथे लवणाचे श्रेष्ठत्व त्याच्या उत्पत्तिस्थानावरून ठरविले आहे, हे ध्यानात घ्यावे. वनस्पती घेताना आपण देशपरीक्षा करतो. लवणाच्या बाबतीत मात्र गोणीवरचे नाव वाचून थांबतो. तसेच पिप्पली, क्षार व लवण या तिहींचा अतियोग टाळावा, असे विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. म्हणजे मात्रेचा प्रश्नही जुनाच आहे.

आपल्या भागाचे पाणी

कर्जत-खालापूरकरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणकडे जाते. अंबरनाथ व उल्हासनगरच्या कारखान्यांमधून येणारी वालधुनी तिला मिळते, आणि हे सर्व पाणी वसईच्या खाडीला जाते. त्या खाडीवर भाईंदरची मिठागरे आहेत. दुसरी नदी पाताळगंगा. ती खोपोली व रसायनी या औद्योगिक पट्ट्यांतून धरमतर खाडीकडे उतरते, आणि पेण तालुक्याची मिठागरे त्याच खाडीच्या परिसरातली. आगरी समाजाचे नावच आगरावरून पडले, इतकी ही मिठाची परंपरा जुनी. कारखानदारी मात्र गेल्या काही दशकांतली. आपल्या अंगणातून गेलेले पाणी गोणीतून स्वयंपाकघरात परत येते.

यावरून पेणचे वा भाईंदरचे मीठ दूषित आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. भरती-ओहोटीने पाणी सतत बदलत असते आणि कारखाना जवळ असणे हा पुरावा नव्हे. तथापि जड धातूंची एक खोड चिकित्सकांनी जाणून घ्यावी : ते पाण्यात फार काळ मोकळे राहत नाहीत, मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे खाडीचे पाणी आज स्वच्छ दिसत असले तरी गाळात मागच्या वर्षांचा हिशेब शिल्लक असू शकतो.

मीठ तयार होताना काय घडते तेही येथे उपयोगी आहे. वाफ्यातील पाणी उन्हाने आटू लागले की प्रथम चुन्याचे क्षार, मुख्यतः जिप्सम, खाली बसतात. पाण्याची घनता सुमारे २५ अंश बोमे झाली की खऱ्या मिठाचे स्फटिक धरू लागतात. स्फटिक बांधला जाताना तो परके धातू बहुतांशी बाहेरच ठेवतो. ते उरतात दोन ठिकाणी : तळाच्या चिखलात, आणि मीठ काढून घेतल्यावर राहणाऱ्या कडू पाण्यात. हेच कडू पाणी मॅग्नेशियममुळे गोणीतील मिठाला पावसाळ्यात पाझर आणते. म्हणून राखाडी, मातीमिश्रित, सदा ओलसर मीठ अधिक 'नैसर्गिक' म्हणून घेणे ही समजूत उलटी आहे. धातूंचा संशय असेल तर तो आधी त्याच मिठावर घ्यावा.

औषधाची मर्यादा व अन्नाची मर्यादा

२००४ मध्ये बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचा अभ्यास अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर आयुष विभागाने निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून चाचणी सक्तीची केली. मर्यादा आपणांस परिचित आहेत : दर किलोग्रॅममध्ये शिसे १० मिलिग्रॅम, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३. खाद्य मिठाच्या कोडेक्स मानकातील मर्यादा आर्सेनिकसाठी ०.५, पाऱ्यासाठी ०.१ व कॅडमियमसाठी ०.५ मिलिग्रॅम अशा आहेत. शिशाची मर्यादा त्या मानकात मूळची २ होती. पुढे ती आणखी खाली आणली गेली.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कॅडमियमचा अपवाद वगळता औषधाची मर्यादा अन्नाच्या मर्यादेपेक्षा कितीतरी सैल आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण औषध ग्रॅममध्ये व काही काळच घेतले जाते. पण त्यातून निर्मात्याची फसगत होते. शार्ङ्गधरोक्त लवणभास्करात सामुद्र लवण ८ भाग, सौवर्चल ५, बिड व सैंधव प्रत्येकी २, आणि एकूण द्रव्ये ४१ भाग भरतात. म्हणजे सामुद्र लवण जवळजवळ एक पंचमांश. किलोमागे ८ मिलिग्रॅम शिसे असलेले मीठ वापरले तरी तयार चूर्णात त्या मिठापासून केवळ १.६ मिलिग्रॅमच्या आसपास शिसे येईल. चूर्ण चाचणीत सहज उत्तीर्ण होईल, आणि त्याच गोणीतील मीठ अन्न म्हणून विकण्यास मात्र सर्वथा अयोग्य असेल! रुग्ण दिवसाला ६ ग्रॅम चूर्ण घेत असल्यास त्यातून सुमारे ९ मायक्रोग्रॅम शिसे जाईल. तेच मीठ घरात दररोज ८ ग्रॅम खाल्ले गेल्यास ६४ मायक्रोग्रॅम. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी सांगता येत नाही, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पूर्वीची साप्ताहिक सह्य मात्रा २०१० मध्ये मागे घेतली. गर्भिणी व बालक यांच्या बाबतीत तर सवलतीचा विचारच नको.

माझे मत असे की, औषधनिर्मात्याने कच्च्या लवणाला अन्नाची मर्यादा लावावी व तयार चूर्णाला औषधाची. कॅडमियमपुरती मात्र दोन्हीकडे ०.३ धरावी.

खरेदी व परीक्षण

प्रथम विक्रेत्याला मिठागर कोणते, कोणत्या हंगामाचे, आणि मीठ धुतलेले की न धुतलेले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर दुसरा विक्रेता पाहावा. नंतरची एक परीक्षा चिकित्सालयातच होते. १०० ग्रॅम कोरडे मीठ अर्धा लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून आधी वजन केलेल्या गाळण-कागदातून गाळावे, कागद साध्या पाण्याने धुऊन वाळवावा व पुन्हा वजन करावे. खाद्य मिठात अविद्राव्य अंश १ टक्क्याहून अधिक नसावा, असे आपल्या अन्न नियमांत आहे. कागदावर १ ग्रॅमपेक्षा अधिक माती राहिली तर ते मीठ प्रयोगशाळेत पाठविण्याचा खर्चही करू नये.

जे मीठ या परीक्षेत उतरेल त्याचा नमुना चार-पाच गोण्यांच्या वेगवेगळ्या थरांतून एकत्र करून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्यावा. येथे एक अनुभव नमूद करतो. एका प्रयोगशाळेकडून मला पाऱ्यासाठी 'आढळला नाही' असा अहवाल आला आणि मी निश्चिंत झालो. नंतर लक्षात आले की, त्यांची किमान मोजमापाची मर्यादाच १ मिलिग्रॅम होती, म्हणजे अन्नाच्या मर्यादेच्या दहापट. मिठाचे द्रावण यंत्राला जड जाते, ते पुष्कळ विरल करावे लागते आणि त्यामुळे सूक्ष्म अंश निसटतात. तेव्हा नमुना देण्यापूर्वीच, अहवालात ज्याला एलओक्यू म्हणतात तो आकडा लेखी मागावा.

मीठ शुद्ध करण्याची विरघळवणे, गाळणे, आटवणे ही रीत उपयुक्त आहे. पण तिने मातीला चिकटलेले धातू जातात, विरघळलेले जात नाहीत. म्हणून द्रावण पूर्ण कोरडे करू नये, शेवटचे थोडे पाणी स्फटिकांपासून ओतून टाकावे. पितळ, तांबे वा ॲल्युमिनियमच्या भांड्यात मीठ आटविणे म्हणजे धातू काढता काढता धातू घालणे होय, आणि चकाकीच्या लेपाच्या मातीच्या भांड्यात शिसे असू शकते. काचेचे भांडे उत्तम.

सामुद्राऐवजी सर्वत्र सैंधव वापरावे, असेही काही बंधू सुचवितात. नित्य आहारासाठी ते शास्त्रसंमत आहे, पण पाठातील द्रव्य बदलण्यास तेवढे कारण पुरत नाही. शिवाय खाणीतले म्हणजे निर्दोष असेही नाही : ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या ३१ गुलाबी मिठांच्या २०२० मधील अभ्यासात एका नमुन्यात शिसे २ मिलिग्रॅमच्या वर निघाले. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून होणारी आयात बंद झाल्यापासून खेवड्याच्या सैंधवाच्या नावाने काय विकले जात असेल, याचाही विचार करावा.

स्वयंपाकघरातील मीठ

आता त्या सासूबाईंकडे येऊ. त्यांच्या पुडीतील मीठ स्वच्छ, पांढरे व कोरडे होते. धातूंची भीती मला त्यात फारशी वाटली नाही. भीती वाटली ती दुसरी. समुद्राचे मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असा समज सुशिक्षितांतही आहे. प्रत्यक्षात उन्हात आटवलेल्या मिठात ते नगण्य उरते. गर्भिणीला दिवसाला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते आणि त्याची उणीव गर्भाच्या मेंदूच्या वाढीला बाधते. थेट खाण्यासाठी आयोडीनरहित मिठाची विक्री १७ मे २००६ पासून देशभर बंद आहे ती याच कारणाने. त्या नियमातून औषधनिर्मितीसाठीचे मीठ वगळलेले आहे, मात्र गोणीवर तसा उल्लेख हवा. औषधशाळेने आपली गोणी त्या लेबलासह वेगळी ठेवावी आणि तिच्यातून सुट्टे मीठ कोणालाही देऊ नये.

सासूबाईंना मी खडे मीठ लोणच्यासाठी व सुकटीसाठी राखून, सुनेच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ, तेही हात आखडून, घालावयास सांगितले. "मग पाकिटातलं केमिकल?" असे त्यांनी विचारलेच. आयोडीन हे मुळात समुद्राचेच देणे आहे, मीठ करताना हरवलेले परत घालतात, एवढे सांगितल्यावर त्यांनी पुडी पिशवीत ठेवली. पुढच्या तपासणीला सुनेने पाकीट सुरू झाल्याचे सांगितले.