वुडकटरचं इंजिन: आधी कारण शोधा, मग पॉवर वाढवा

व्हिडिओत घाईत गेलेला भाग इथे लिहितोय.

गिऱ्हाईक म्हणतं, "नवीन पिस्टन टाका, पॉवरही वाढवा." थांबा. जुना पिस्टन का गेला? सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून बघा. उभे ओरखडे असतील तर बहुतेकदा पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलेलं असतं, किंवा क्रँकचं ऑइल सील हवा ओढत असतं. सील तसंच ठेवून किट बसवलं तर नवा पिस्टनही जाणार, आणि ऐन सीझनमध्ये त्या माणसाची रोजी बुडणार.

आता पॉवर. सिलिंडरखालचं पॅकिंग काढलं की कॉम्प्रेशन वाढतं. पण आधी पॅकिंगशिवाय सिलिंडर कसा, प्लगच्या भोकातून सोल्डरची तार भिंतीला टेकेपर्यंत घाला, इंजिन हाताने फिरवा आणि दबलेलं टोक कॅलिपरने मोजा. साधारण 0.5 मिमीपेक्षा कमी भरलं तर पॅकिंग परत टाका, लोभ नको. काढलंच तर तिथे उष्णता सोसणारं सीलंट लावा.

सायलेन्सरचं तोंड मोठं केलं तर कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू थोडा उघडावाच लागतो. नाहीतर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन धरतो. (ठिणगीची जाळी मात्र काढू नका.) आवाज वाढणार, हे आधीच सांगा.

बिलात दुरुस्ती वेगळी, मॉडिफिकेशन वेगळं. आणि ऑइलचं प्रमाण, उदाहरणार्थ 25:1 असेल तर 'लिटरला 40 मिली', टाकीवर मार्करने लिहूनच मशीन द्या.