रणगाडे मोजले कुणी?

मुळशी तालुक्यात पौडला राहायला आल्यापासून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून युद्धांवरची जुनी पुस्तकं आणायचा नाद लागलाय. ओळखीच्या एका शाळेला लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांच्यावर भित्तिपत्रक करायचं होतं, म्हणून ती पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. आकडे जुळेचनात.

तारापोर पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर, शिक्षण पुण्यातलं. भारत-पाक युद्धात, १६ सप्टेंबर १९६५ रोजी चाविंडाच्या लढाईत धारातीर्थी पडले. परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे ६० रणगाडे निकामी केले, आपले ९ गेले असं म्हटलंय. सीमेपलीकडच्या पुस्तकांचा हिशेब अर्थातच वेगळा. त्याने शौर्याला उणेपणा येत नाही. पण रणगाडा ‘गेला’ म्हणजे काय, हे लेखक क्वचितच सांगतो. जळाला, पट्टा तुटून अडला, की चिखलात रुतल्यावर आतली माणसं उतरून निघून गेली? पट्टा तुटलेला रणगाडा रात्रीत ओढून नेऊन दुरुस्त करता येतो; गोळा मारणाऱ्याने मात्र तो केव्हाच जमेस धरलेला असतो.

म्हणून मी आधी पाहतो, लढाईनंतर मैदान कुणाकडे राहिलं. त्याच युद्धात पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईनंतर ते आपल्याकडे राहिलं. पाणी सोडलेल्या शेतांत रुतलेले पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पुढे भिखीविंडजवळ रांगेने उभे केले गेले, लोकांनी डोळ्यांनी पाहिले. चाविंडा गाव शेवटपर्यंत पाकिस्तानच्या हातात होतं; तिथल्या आकड्यांना तसा आधार नाही.

मग प्रकाशनाचं साल. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनानी रोमेल याच्यावरच्या १९७४ पूर्वीच्या पुस्तकांत, ब्रिटिश जर्मनांचे सांकेतिक संदेश वाचत होते ही गोष्टच नाही. ती तोवर गुपित होती. आपल्याकडेही १९६५च्या युद्धाचा संरक्षण मंत्रालयाने तयार केलेला इतिहास १९९२चा, आणि तोही तेव्हा सर्वांसाठी खुला नव्हता.

आवृत्तीचा घोळ तर भारीच. जर्मन सेनानी गुडेरियन यांच्या आठवणींच्या इंग्रजी आवृत्तीत ब्रिटिश लेखक लिडेल हार्ट यांचं ऋण मानणारा परिच्छेद आहे. मूळ जर्मन पुस्तकात तो नाही. घालायला सुचवलं होतं खुद्द लिडेल हार्ट यांनीच!

तरी जुनी पुस्तकं रद्दीत देऊ नका. कुठली तुकडी कुठल्या दिवशी कुठल्या गावाजवळ होती, हे रेजिमेंटच्या इतिहासात सहसा नीट सापडतं. शत्रूच्या नुकसानीचा आकडा मात्र शत्रूच्या पुस्तकाशी ताडल्याशिवाय घेऊ नका. आणि मुलांच्या फलकावर ६० लिहायचेच असतील, तर पुढे ‘प्रशस्तिपत्रानुसार’ एवढं अवश्य लिहा.